आमचा भाचा नक्की करतो तरी काय?

डॉक्टर, वकील, मास्तर म्हटलं की नातेवाइकांना सगळं समजतं. कॉम्प्युटरवाल्यांची कामं कुणालाच समजत नाहीत, पण पगाराचा आकडा ऐकून सगळे माना डोलावतात. आमच्या भाच्याची पंचाईत अशी की, त्याचं कामही समजत नाही आणि आकडाही माना डोलावण्याजोगा नाही. तो एका व्यावसायिक फुटबॉल संघात आहे, पण खेळत नाही. रोज मैदानावर असतो, पण खेळ शिकवत नाही. खेळाडूंच्या पायांची काळजी वाहतो, पण डॉक्टर नाही. त्याच्या हुद्द्याचं नाव ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’. माझ्या सासूबाईंनी त्याचं सुटसुटीत मराठी करून टाकलं होतं – ‘दमवणारा मास्तर’. हे भाषांतर किती चुकीचं आहे, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. कोल्हापुरात वाढला, शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेत गेला. १८५७ च्या शताब्दीला, म्हणजे १९५७ साली सुरू झालेली ही संस्था. पदवी हातात पडली आणि २०१४ साली तो दोन बॅगा घेऊन आमच्याकडे दिल्लीला आला. एका बॅगेत कपडे आणि दुसरीत नुसते बूट!

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण आणि समोर सगळ्यांचं मिळून एक पार्क. स्वस्तातल्या फॅशनच्या कपड्यांसाठी अवघी दिल्ली जिथे गर्दी करते, तो बाजार हाकेच्या अंतरावर. आता त्यातली कित्येक जुनी क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती झाल्या, पण तेव्हा संध्याकाळ झाली की पार्कात क्रिकेटचे चार आणि फुटबॉलचा एक डाव एकाच वेळी चालत. भाचा सकाळी एका जिममध्ये काम करी, दुपारी एका संघाकडे उमेदवारी करी आणि संध्याकाळी पार्कातल्या मुलांना गोळा करी.

शेजारच्या मिसेस शर्मांना वाटायचं, हा फुटबॉल शिकवतो. पण पहिली वीस मिनिटं तो चेंडूला हातच लावू देत नसे. आधी हळू पळणं, मग एका पायावर उभं राहणं, उडी मारून गुडघे वाकवत अलगद खाली येणं, पोटावर आडवं होऊन कोपरांवर शरीर तोलणं. नंतर जोडीजोडीनं एक मोठा गमतीचा प्रकार. एकानं गुडघ्यांवर उभं राहायचं, दुसऱ्यानं मागून त्याचे घोटे धरायचे आणि पहिल्यानं कमरेत न वाकता सावकाश पुढे झुकत जमिनीवर यायचं. मुलं धपकन तोंडावर पडायची आणि हसायची. मलाही तेव्हा हसू येई. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो फाटण्याचं प्रमाण या एका व्यायामानं जवळपास निम्म्यावर येतं, असं अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे, हे मला त्यानं पुढे सांगितलं.

माझं माहेर कोल्हापूरचं असल्यामुळे मला त्याचं काम समजायला एक सोपी वाट होती. कोल्हापुरातले कितीतरी फुटबॉल संघ तालमींच्या नावानंच ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला की निम्मं गाव तिकडे लोटतं. लाल मातीत अंग घडवायचं आणि हिरव्या मैदानावर खेळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माझे वडील तरुणपणी तालमीत जात. ते सांगायचे की, वस्ताद दंडबैठका मोजून घ्यायचे हे खरं, पण खरा वस्ताद ओळखू यायचा तो दुसऱ्याच गोष्टीवरून. पहाटे आलेल्या पोराच्या तोंडाकडे एक नजर टाकून तो म्हणायचा, “आज तू मातीत उतरायचं नाहीस. जा, घरी जाऊन झोप.”

भाच्याला मी हे सांगितलं तर तो उडालाच. “मावशी, हेच तर माझं काम! फक्त आजोबांच्या वस्तादाकडे नजर होती, माझ्याकडे वही आहे.”

ती वही आमच्या ह्यांनी पाहिली. हे सरकारी लेखा विभागात आयुष्य काढलेले, त्यामुळे आकडे दिसले की चष्मा पुसून बसतात. हिशेब असा होता. सराव संपल्यावर थोड्या वेळानं प्रत्येक खेळाडूला विचारायचं, “आज किती जड गेलं? शून्य ते दहात सांग.” समजा तो म्हणाला सहा, आणि सराव झाला नव्वद मिनिटं. सहा गुणिले नव्वद, म्हणजे पाचशे चाळीस. हा त्या दिवसाचा भार. सात दिवसांची बेरीज म्हणजे आठवड्याचा भार. आता मागच्या काही आठवड्यांत जो मुलगा सरासरी दोन हजारांवर होता, त्याच्या नावावर या आठवड्यात एकदम साडेतीन हजार दिसले, तर समजायचं की इथे कुठेतरी काहीतरी तुटण्याची भीती आहे.

“अरे, ही तर खतावणी!” हे म्हणाले. “जमेपेक्षा खर्च वाढला की दिवाळं.”

मोठ्या संघांत वहीच्या जोडीला यंत्रंही असतात. खेळाडू शर्टाखाली जी आखूड बंडी घालतात, तिच्यात दोन्ही खांद्यांच्या मधोमध काड्यापेटीएवढं यंत्र बसवलेलं असतं. कोण किती पळाला, किती वेळा भरधाव सुटला, किती वेळा एकदम थबकला, याची नोंद ते ठेवतं. सामन्यात खेळाडू साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. आपल्याला वाटतं, मग रोज बारा किलोमीटर पळवलं की झालं. पण फुटबॉलपटू एका लयीत पळत नाही. तो चालतो, पळतो, उडी मारतो, वळतो, मागे सरकतो. दर चारपाच सेकंदांनी काहीतरी बदलतं आणि असे बदल एका सामन्यात हजाराच्या वर होतात. शरीर मोडतं ते बहुधा अशा सुटण्याथांबण्यात. म्हणून नुसतं पळवून भागत नाही, ताकदही लागते आणि दमसासही.

त्याचा आठवडाही आखलेला असतो. रविवारी सामना असेल, तर सोमवारी जे पूर्ण वेळ खेळले त्यांना हलका व्यायाम आणि जे बाकावर बसून राहिले त्यांना भरपूर काम, नाहीतर महिन्याभरात ते गंजून जातात. एक दिवस सुट्टी. मधले दोन दिवस जड, वजनांचे आणि मोठ्या मैदानावर पळण्याचे. शनिवारी थोडंच, पण चपळ. सरावाआधी आणि नंतर सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करायचं. सत्तर किलोच्या मुलाचं वजन दीड किलोनं उतरलं, तर ते घामावाटे गेलेलं पाणी असतं, आणि तेवढ्यानंही पाय मंदावतात नि डोकं चालेनासं होतं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दुखापत झाल्यावर जास्त लागतात. हा माणूस लागतो ती होऊ नये म्हणून.

हा धंदा जगातही फार जुना नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठानं १९६९ साली बॉइड एप्ली नावाच्या तरुणाला आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाची ताकद वाढवायला नेमलं. वजनं उचलली की खेळाडू मंद होतो, अशी तोवर पुष्कळ प्रशिक्षकांची समजूत होती. अशा लोकांची संघटना तिथे १९७८ मध्ये निघाली. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात इंग्लंडसारख्या देशातही कितीतरी वर्षं ‘ट्रेनर’ म्हणजे पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा माणूस. १९९६ मध्ये आर्सेन वेंगर आर्सेनलला आले आणि त्यांनी खेळाडूंच्या ताटापासून व्यायामापर्यंत लक्ष घातलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. आपल्या राष्ट्रीय संघाबरोबर स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या वेळी डॅनी डिगन हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ हे काम पाहत, इगोर स्टिमाच यांच्या वेळी क्रोएशियाचे लुका राडमान. आता आपली मुलंही या वाटेनं जाऊ लागली आहेत.

आपल्या मनात मात्र अजून दुसराच नायक बसलेला आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक मिळवलं. त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा. डोक्याला जखम होऊन टाके पडलेले, तरी गडी मैदानात उतरला आणि बचावातून पुढे येऊन खेळला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या त्या संघाला सलामच केला पाहिजे. पण अशा एका गोष्टीपायी आपण पुढच्या हजारो मुलांना सांगत आलो की, दुखतंय म्हणणारा कच्चा. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. कितीतरी वर्षं आपल्याकडच्या स्पर्धांमधले सामने सत्तर मिनिटांचे असत आणि जग नव्वद मिनिटं खेळत होतं. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांचे पाय शेवटच्या वीस मिनिटांत जड होत, त्यात त्यांच्या हिमतीचा काय दोष?

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताचे सामने दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर होते. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात. मग काय, आम्ही तिघं कोलंबियाविरुद्धच्या सामन्याला गेलो. ८२ व्या मिनिटाला जेक्सन सिंगनं हेडरनं बरोबरी साधली, विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला गोल! हे खुर्चीवर उभे राहिले. पण लगेच पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला आणि आपण १-२ असे हरलो. सगळं स्टेडियम हळहळत होतं. भाचा मात्र सामनाभर चेंडूकडे बघतच नव्हता. चेंडू गेल्यावर कोण किती लवकर मागे परततो, कोण गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो, तेच तो बघत होता. परतताना एवढंच म्हणाला, “मावशी, यांना हे सगळं आठव्यानवव्या वर्षापासून मिळायला हवं.”

आमच्या क्वार्टरपासून धौला कुआं काही फार लांब नाही. तिथल्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिकलेला एक मुलगा २००२ साली कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेला. तो म्हणजे सुनील छेत्री. २००५ मध्ये भारतासाठी पहिला सामना खेळला आणि जून २०२४ मध्ये थांबला, तेव्हा १५१ सामने आणि ९४ गोल नावावर. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, तर चाळिसाव्या वर्षी मालदीवविरुद्ध पुन्हा गोल! उंची बेताची, अंगकाठी साधी. एवढी वर्षं टिकायला नुसती गुणवत्ता पुरत नाही. झोप, जेवण आणि व्यायाम यांचा हिशेब रोजच्या रोज चुकता करावा लागतो.

आता लग्नाचं. बहिणीनं भाच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली आणि ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाशी गाडी अडू लागली. एका गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे पीटीचे मास्तर?” दुसऱ्यांनी विचारलं, “करार दहा महिन्यांचा? मग उरलेले दोन महिने?” त्यांचंही चूक नव्हतं. दिल्ली डायनामोज हा संघ २०१४ पासून नेहरू स्टेडियमवर खेळत होता, २०१९ मध्ये तो उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. संघ गावं बदलतात, मालक बदलतात, मुख्य प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर सगळा ताफा बदलतो. कुठल्या बापाला वाटेल आपली मुलगी इथे द्यावी?

शेवटी एक स्थळ पुढे सरकलं. मुलगी सांगलीची, शाळेत गणित शिकवणारी. तिनं वही पाहिली, गुणाकार समजून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “तुम्ही ‘याला आज खेळवू नका’ म्हणालात आणि मुख्य प्रशिक्षकांनी ऐकलंच नाही, तर?”

भाच्यानं तिला त्याच वर्षीची हकिकत सांगितली. संघाचा सगळ्यात वेगवान मुलगा. अकरा दिवसांत चौथा सामना. आकडे वाढलेले, झोप कमी, मांडीच्या मागे ओढ लागतेय असं त्यानं स्वतः दबक्या आवाजात सांगितलेलं. भाच्यानं मुख्य प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितलं, “आज नको.” या वेळी त्यांनी ऐकलं. मुलगा बाकावर बसला आणि संघ एका गोलनं हरला. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनातल्या एकानं भाच्याला सगळ्यांसमोर सुनावलं, “तुझ्या वहीनं आम्हाला हरवलं.” पुढच्या सामन्यांत तो मुलगा धडधाकट पायांनी खेळला, पण त्या पायांची बातमी कुठेच आली नाही. फाटलेल्या स्नायूची बातमी होते, न फाटलेल्याची कुठून होणार?

“मग तुम्हाला राग नाही आला?” तिनं विचारलं.

“आला ना. पण तो मुलगा संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. म्हणाला, सर, घरी मी एकटाच कमावता आहे.”

मला वाटतं, लग्न ठरलं ते त्या वाक्यावर. या खेळाडूंचं कमावण्याचं आयुष्य दहापंधरा वर्षांचं. एक मोठी दुखापत म्हणजे एक हंगाम गेला, कधीकधी पुढचा करारही गेला. आपण ज्याला स्नायू म्हणतो, तो त्या घरचा चुलीवरचा तवा असतो.

साखरपुडा झाला आणि जुलै २०२५ मध्ये बातमी आली की, इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. काही संघांनी काम थांबवलं, पगार रोखले. भाच्याचाही थांबला. मुलीचे वडील गप्प झाले. बहीण रोज मला फोन करून रडायची.

भाच्यानं काय केलं? एका शाळेत गेला आणि मुलींच्या फुटबॉल संघाचा व्यायाम सकाळी घेऊ लागला, अगदी नाममात्र मानधनावर. वडिलांना वाटलं, मुलाची उतरंड सुरू झाली. पण मुलगी आपल्या शब्दावर ठाम राहिली. ती वडिलांना म्हणाली, “बाबा, कारखाना बंद पडला म्हणून फिटर अडाणी ठरत नाही. त्याच्या हातातलं काम बघा.” वडील खरंच एका सकाळी ते बघायला मैदानावर गेले. हिवाळ्यात लग्न झालं, नोंदणी पद्धतीनं, पन्नासेक माणसांत. वाचलेले पैसे दोघांनी बँकेत ठेवले, कारण दोन महिन्यांचा प्रश्न दर वर्षी येणारच आहे.

त्या शाळेतल्या मुलींबद्दल त्यानं मला जे सांगितलं, ते प्रत्येक आईबापानं ऐकावं असं आहे. खेळताना गुडघ्यातला मुख्य बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. त्यावर उपाय महागडा नाही. फुटबॉलच्या जागतिक महासंघानं तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम आहे, पार्कातली मुलं करत तोच. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या संघांनी तो केला, त्यांच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. यंत्र नको, जिम नको. एक मैदान आणि ते वीस मिनिटं नेमानं करून घेणारा माणूस हवा.

यानं सगळंच टळतं असं मात्र नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. युरोपातल्या बड्या संघांत २००१-०२ साली शंभर दुखापतींत बारा हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये चोवीस झाल्या. खेळ वेगवान झाला, सामने वाढले. शरीराला किती ताण द्यायचा हे शेवटी पैशाचं वेळापत्रक ठरवणार असेल, तर वहीवाल्यानं तरी किती अडवायचं?

घरोघरी मात्र आपल्याला पुष्कळ अडवता येईल. आता दिल्लीत काय नि पुण्यानागपुरात काय, कोपऱ्याकोपऱ्यावर फुटबॉल अकादमी निघाल्या आहेत. फी भरताना आपण विचारतो, बूट कुठले आणि स्पर्धा कधी. त्याऐवजी हे विचारावं. खेळाआधी अंग तापवायला किती मिनिटं देता? आठवड्यात सुट्टी कधी? पाणी प्यायला मधे थांबवता का? मुलगा शाळेच्या संघातूनही खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि दुखतंय असं त्यानं सांगितलं, तर तुम्ही काय करता? वजनं उचलली की उंची खुंटते ही भीती सोडावी. जाणकाराच्या देखरेखीखाली, वयाला झेपेल असा ताकदीचा व्यायाम मुलांना चांगलाच असतो. डबेबंद पावडरी मात्र बाजारातच राहू द्याव्यात. डाळ, अंडं, दूध, भाकरी आणि नऊ तास झोप, ही भाच्याची यादी.

परवा आमच्या सोसायटीतल्या एक बाई सांगत होत्या की, त्यांच्या मुलाला अकादमीतून पळायच्या चार फेऱ्या कमी करून घरी पाठवलं, कारण आदल्या दिवशी त्याचा सामना झाला होता. “फी पूर्ण घेतात आणि काम कमी!” त्यांची तक्रार. मी त्यांना म्हटलं, “त्या माणसाचं नाव विचारून ठेवा आणि मुलाला तिथून हलवू नका.”